‘तरुण विधवा’ हे प्लेट सांगते की विकणारा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या फोटोंची आवड आहे, आता एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांचे डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या प्लेटवर काढलेले सुरुवातीच्या काळातले फोटो, जमवायचे आहेत. एका ऑनलाइन लिलावात तळहातात मावेल एवढी प्लेट दिसली. खुर्चीत बसलेली, काळ्या पोशाखातली तरुण बाई, समोर बघणारे विलक्षण फिकट डोळे, उजव्या हातात अंगठी. विकणाऱ्याने वर्णनात ‘तरुण विधवा, बहुधा मृत्यूनंतर काढलेला फोटो, अत्यंत दुर्मीळ’ असं लिहिलंय. काचेवर धुकं आहे, कडेने निळसर-तपकिरी वलयं आहेत. घ्यावी का, आणि घेतली तर साफ कशी करावी?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या पोटात तिसराच दडलाय आणि तुमचे पैसे वाचतील ते त्याच्या उत्तराने. प्लेटवर खरोखर काय आहे आणि विकणाऱ्याने तिच्याभोवती काय गुंफलंय, हे वेगळं कसं करायचं? बायकांच्या डॅगेरोटाइपमध्ये हा घोळ जास्त. दाढीवाल्या अनोळखी गृहस्थाला कुणी गोष्ट चिकटवायला जात नाही. तरुण बाई दिसली की मात्र ती विधवा होते, नटी होते, कुणाची तरी प्रेयसी होते, नाहीतर थेट मरूनच जाते. मी वीसेक वर्षं या नादात आहे. त्यातली पहिली चार-पाच वर्षं मी गोष्टीच विकत घेतल्या, प्लेटा घ्यायला नंतर शिकले.

काळ्या पोशाखापासून सुरू करू. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. तो आरशासारखा घासायचा, आयोडीनच्या आणि पुढेपुढे ब्रोमीनच्याही वाफा देऊन प्रकाशाला तयार करायचा, कॅमेऱ्यात घालायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र उमटवायचं. या पृष्ठभागाला निळा प्रकाश चटकन कळतो, लाल जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे गर्द लाल किंवा तपकिरी रेशमी झगा प्लेटवर काळा येतो आणि आकाशी झगा पांढरट. त्यात स्टुडिओवाले गिऱ्हाइकांना आधीच बजावत की पांढरं, फिकट निळं, गुलाबी घालून येऊ नका, गडद रंगाचं घाला. म्हणजे काळी दिसणारी बाई ही त्या काळातली सर्वसाधारण बाई. शोकाचा पोशाख म्हणायचा तर आणखी खुणा लागतात: चमक नसलेलं क्रेपसारखं कापड, पांढऱ्या कॉलरच्या जागी काळी, काळेच दागिने. केसांचा विणलेला दागिना दिसला म्हणून लगेच शोक समजू नका. जिवंत माणसांचे केसही लोक हौसेने दागिन्यांत घालून वापरत.

फिकट डोळ्यांचंही तेच. निळ्या डोळ्यांतून निळा प्रकाशच जास्त परततो, म्हणून ते प्लेटवर पाण्यासारखे येतात. कधी बुबुळाची कडसुद्धा पुसट होते. शिवाय डॅगेरोटाइप काढताना काही सेकंद, सुरुवातीच्या काळात तर मिनिटभर, स्थिर बसावं लागे. त्यात पापणी लवली की डोळा आणखी विचित्र दिसतो. ‘निर्जीव नजर’ म्हणून जे विकलं जातं त्यात मला बहुतेक वेळा निळ्या डोळ्यांची, जरा कंटाळलेली, चांगली धडधाकट बाई दिसते.

मृत्यूनंतरचे डॅगेरोटाइप असतात, नाही असं नाही. पण त्यांत माणूस बहुधा पलंगावर किंवा सोफ्यावर आडवा असतो, मूल असेल तर आईच्या मांडीवर. मृतदेहाला लोखंडी स्टँडने उभं करून फोटो काढत, ही कथा इंटरनेटवर फार फिरते. तो स्टँड जिवंत माणसाची मान हलू नये म्हणून मागून टेकवायचा असे. अख्ख्या देहाचं वजन त्याला पेलणं शक्यच नाही. पायांमागे स्टँडचा बुंधा दिसला तर ते माणूस जिवंत असल्याचंच लक्षण समजा.

आता अंगठी. डॅगेरोटाइपची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात होती तीच प्लेट तुमच्या हातात येते, आणि म्हणून चित्र आरशातल्यासारखं डाव्याचं उजवं झालेलं असतं. उजव्या हातात दिसणारी अंगठी खरं तर डाव्या हातात आहे. काही छायाचित्रकार भिंगापुढे आरसा किंवा प्रिझम लावून चित्र सरळ करत, पण त्यात प्रकाश कमी होऊन वेळ वाढे, त्यामुळे पोर्ट्रेटमध्ये ते कमी. खात्री हवी असेल तर एखादं अक्षर शोधा: हातातल्या पुस्तकाचं नाव, वर्तमानपत्राचा मथळा. ते उलटं असेल तर सगळंच उलटं. म्हणजे तुमची ही ‘विधवा’ डाव्या हातात अंगठी घातलेली, समोर बघणारी जिवंत बाई आहे. यापलीकडे प्लेट काही बोलत नाही आणि यापलीकडचे पैसे तुम्ही देऊ नयेत.

‘अत्यंत दुर्मीळ’बद्दल एवढंच सांगते की अमेरिकेतल्या एकट्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १८५५ च्या गणनेत एका वर्षात ४ लाखांहून अधिक डॅगेरोटाइप काढल्याची नोंद आहे. अनोळखी बाईची छोटी प्लेट दुर्मीळ नसते. ती चांगली असू शकते. दोन्हींत फरक आहे आणि संग्रह करायचा तो चांगल्याचा.

विकत घेण्याआधी ती डॅगेरोटाइपच आहे याची खात्री करा. तशाच पितळी चौकटीत, तशाच चामडी डबीत अँब्रोटाइप आणि टिनटाइपही बसवलेले असतात आणि तिन्हींची सरमिसळ अजाणतेपणीही होते. डॅगेरोटाइप हातात धरून तिरका केला की गडद भाग आरशासारखे लखलखतात आणि एका कोनात चेहरा चक्क निगेटिव्हसारखा उलटतो. अँब्रोटाइप काचेवर असतो, तो कुठूनही पाहिला तरी पॉझिटिव्हच दिसतो. टिनटाइप लोखंडी पत्र्यावर असतो, त्याला लोहचुंबक ओढ घेतो. लिलावातल्या सरळ समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच कळत नाही. विकणाऱ्याकडे तिरका धरून काढलेला फोटो मागा. जो तेवढाही पाठवत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

तारीख ठरवायला पुरुषांपेक्षा बायकांचे फोटो बरे, कारण पुरुषाचा काळा कोट वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि बायकांची फॅशन बदलत जाते. डॅगेरोटाइपची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली, स्वस्त कागदी फोटोंनी १८६० च्या सुमारास तिला मागे टाकलं. आपला खेळ या वीसेक वर्षांतला आहे. १८४० च्या दशकात बाह्या हाताला घट्ट चिकटलेल्या, कंबर लांबट आणि पुढे टोकदार. छातीवर खांद्यापासून कमरेच्या टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या पंख्यासारख्या चुण्या. मधोमध भांग, आणि केस चप्प बसवून कानांवरून मागे नेलेले. हातांत पुष्कळदा बोटं उघडी ठेवणारे काळ्या जाळीचे मोजे. १८५० चं दशक लागलं की बाह्या कोपराखाली घंटेसारख्या पसरतात आणि त्यांच्या आतून पांढऱ्या फुगीर बाह्या डोकावतात. कॉलर रुंद होते, गळ्याशी मोठा ब्रोच येतो, कानांवरचे केस फुगतात. १८५६ नंतर घागऱ्याखाली पोलादी कड्यांचा सांगाडा आला, पण छोट्या प्लेटांत कमरेखालचं फारसं दिसतच नाही.

एक सावधगिरी: पोशाख सांगतो ती ‘याच्या आधीची नाही’ अशी तारीख. म्हातारी बाई वीस वर्षांपूर्वीची टोपी आणि आपल्या तरुणपणची केशरचना घेऊन बसू शकते. तिच्या शेजारी बसलेली सून किंवा नात असेल तर तारीख तिच्यावरून काढा.

पोशाखावरून निघालेली तारीख मग डबीशी ताडून बघायची. सुरुवातीच्या प्लेटांची पितळी मॅट, म्हणजे प्लेट आणि काच यांच्यामधली, चित्रापुरती खिडकी कापलेली चौकट, साधी, खरबरीत पोताची, अष्टकोनी किंवा लंबगोल खिडकीची असते. जसजशी वर्षं जातात तसतशी ती नक्षीदार होत जाते. प्लेट, मॅट आणि काच यांना एकत्र कवटाळणारी पातळ पितळी किनार अमेरिकन प्लेटांवर १८४० च्या दशकाच्या शेवटाशेवटाला येते. लाख आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, वर ठसठशीत उठावाचं चित्र असलेल्या काळ्या-तपकिरी डब्या १८५४ नंतरच्या. त्यांचं पेटंट त्या वर्षी सॅम्युअल पेक याने घेतलं. आता पंख्यासारख्या चुण्यांची बाई जर अशा डबीत बसलेली असेल तर काहीतरी बदललंय. पण ते कुणी बदललं? घरच्यांनीही मोडकी डबी टाकून नवी घेतली असेल. नाहीतर विकणाऱ्याने देखणी डबी आणि देखणी बाई यांचं परस्पर लग्न लावून दिलं असेल. दुसरं फार चालतं.

हे लग्न पकडायची एक खूण मला बऱ्याच उशिरा कळली. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते आणि हे काळवंडणं मॅटच्या खिडकीच्या कडेपासून आत सरकतं: निळं, जांभळं, सोनेरी, तपकिरी. म्हणजे ते वलय खिडकीचाच आकार घेतं. मॅटची खिडकी अष्टकोनी आणि वलय मात्र लंबगोल असेल, तर ही मॅट त्या प्लेटची नाही. तुम्ही ज्या वलयांवर नाराज आहात ती जर खिडकीच्या कडेला समांतर धावत असतील, तर ती प्लेट आणि ती मॅट फार वर्षं एकत्र नांदली आहेत. मला अशी वलयं आवडतात. बाईच्या चेहऱ्यापासून दूर असतील तर मी त्यांच्याकडे दोष म्हणून बघतही नाही.

आणि इथून आपण साफ करण्याकडे येतो. उत्तर एका शब्दात: नाही.

हा शब्द मी एक प्लेट घालवून शिकले. दुसरी की तिसरी खरेदी होती. मध्यमवयीन बाई, गालांना हाताने लावलेला हलका गुलाबी रंग. काच धुरकट होती म्हणून मी किनार उचकटली, काच काढून धुतली आणि प्लेटवर धुळीचा एक कण दिसला म्हणून कापसाने, अगदी हलक्या हाताने, एकदाच टिपला. कण गेला. त्याच्याबरोबर डाव्या गालाचा रंग गेला आणि जबड्यावर एक चकचकीत पट्टा उमटला. डॅगेरोटाइपचं चित्र म्हणजे चांदी आणि पाऱ्याचे सूक्ष्म कण आरशावर नुसते बसलेले असतात. १८४० मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लेटला सोन्याच्या द्रावणाने पक्कं करायची रीत काढली. त्याने चित्र कणखर झालं खरं, पण पुसण्याइतकं कणखर ते कधीच झालं नाही. ती प्लेट मी अजून ठेवली आहे. नव्या माणसाने कापूस हातात घेतला की दाखवते.

माझी बाई अनोळखी होती. डोरोथी ड्रेपर अनोळखी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर याने १८४० मध्ये आपल्या बहिणीचा, साधारण मिनिटभर बसवून, डॅगेरोटाइप काढला. स्त्रीच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी तो एक. १९३० च्या दशकात ती प्लेट साफ करायला घेतली आणि चित्र जवळजवळ नाहीसं झालं. आज तिचा चेहरा आपण ओळखतो तो मुख्यतः आधी केलेल्या प्रतींवरून.

विसाव्या शतकात थायोयुरिया या रसायनाचं द्रावण वापरून घरच्या घरी प्लेटा उजळायची टूम निघाली होती. प्लेट त्या क्षणी लखलखते, मग डाग परत येतात आणि पृष्ठभाग खवल्यासारखा होतो. अशा ‘उजळलेल्या’ प्लेटा बाजारात भरपूर आहेत. वलय कुठेच नाही, चांदी सपाट आणि थंड दिसते, बारीक ठिपक्यांची पुरळ आहे, अशी प्लेट दिसली तर हात आवरा. चांदीच्या भांड्यांची पावडर किंवा पॉलिश यांचं तर नावच नको.

तुमच्या बाबतीत चांगली बातमी ही की धुकं बहुधा प्लेटवर नसून काचेवर आहे. जुनी काच कालांतराने आतून पाझरते, तिच्यावर क्षारांचे थेंब किंवा पांढरट पापुद्रा जमतो. काच बदलली की बाई एकदम समोर येते. पण ते काम फोटो संवर्धकाचं. तो पाकीट, म्हणजे प्लेट, मॅट आणि काच यांचा एकत्र बांधलेला संच, उघडतो, प्लेटला हात न लावता काच बदलतो आणि कडा संग्रहासाठीच्या कागदी पट्टीने पुन्हा सीलबंद करतो. कडांना मूळची कागदी पट्टी अभंग असेल तर मी मात्र काच कितीही वाईट असली तरी थांबते आणि आधी संवर्धकाचं मत घेते, कारण ते सील म्हणजे प्लेट एवढी वर्षं कुणी उघडली नाही याचा पुरावा असतो. थेंब चेहऱ्यावर पडायच्या बेतात असतील तर गोष्ट वेगळी. इथे प्रत्येक प्लेट आपला निर्णय वेगळा मागते.

पाकीट उघडलंच तर संवर्धकाला प्लेटच्या मागची बाजू आणि डबीचा तळ यांचे फोटो काढायला सांगा. बाईचं नाव असलंच तर तिथे असतं: पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, कधी केसांची बट. प्लेटच्या कोपऱ्यात पत्रा बनवणाऱ्याचा छापही मिळू शकतो. ‘४०’ आकडा दिसला तर तो सन नाही. चाळिसातला एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ.

चेहऱ्याच्या साम्यावरून ठोकलेलं नाव मात्र घेऊ नका. कवयित्री एमिली डिकिन्सन हिचा निर्विवाद डॅगेरोटाइप एकच, १८४७ च्या आसपासचा, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजकडे असलेला. २०१२ मध्ये दुसरा पुढे आला, दोन बायका शेजारी बसलेल्या. त्यावर कपड्यांपासून डोळ्यांच्या मोजमापापर्यंत अभ्यास झाले, तरी सगळ्यांना पटेल असा निकाल लागला नाही. तिच्या बाबतीत ही गत, तर लिलावातल्या ‘अमक्या राजघराण्यातली असावी’ला काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

काय जमवावं हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आणि खिशावर आहे, पण विचारलंच आहे तर माझा कल सांगते. सगळे तरुण सुंदर चेहऱ्यांमागे धावतात, त्यामुळे किमती तिथेच फुगतात. मी म्हाताऱ्या बायका घेते. १८४५ मध्ये पंचाहत्तरीची बाई म्हणजे १७७० चा जन्म. फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा ती तरुण होती. अशा बाईच्या टोपीची झालर आणि हातांच्या शिरा भिंगाखाली बघायला मिळतात, आणि तीही एखाद्या सामान्य घरातल्या बाईची. याहून जास्त काय मागायचं! बायका काहीतरी हातात धरून बसलेल्याही मला आवडतात: शिवणकाम, पुस्तक, किंवा दुसऱ्या कुणाचा तरी उघडलेला डॅगेरोटाइप. तिथे दूर गेलेल्या किंवा मेलेल्या माणसाची आठवण खरोखरच फोटोत आहे, विकणाऱ्याने ती लिहायची गरज नाही.

एका प्रकारापाशी मी थबकते. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या, गुलामगिरीतल्या काळ्या दायांचे डॅगेरोटाइप मिळतात. वर्णनात बाळाचं नाव असतं, बाईचं नसतं. त्यापुढे जाऊन १८५० मध्ये दक्षिण कॅरोलिनात, लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी, जोसेफ झीली या छायाचित्रकाराने गुलामगिरीतल्या डेलिया आणि ड्राना या दोघी मुलींना आणि त्यांच्या-त्यांच्या वडिलांना कपडे उतरवून कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. त्या प्लेटा हार्वर्डच्या एका संग्रहालयात १९७६ मध्ये सापडल्या आणि त्या कुणाच्या यावर पुढे कोर्टकज्जे झाले. अशा प्लेटा खाजगी संग्रहात नसाव्यात असं माझं मत आहे. दायांच्या बाबतीत मी इतकी ठाम नाही. एक माझ्याकडे आहे, आणि माझ्या नोंदवहीत ती बाळाच्या नावाखाली लावलेली नाही.

ठेवायचं सोपं आहे: कोरडी, थंड, अंधारी जागा, डबी बंद, जवळ रबर किंवा लोकर नको, कारण त्यांत गंधक असतं. प्लेट भिंतीवर कायमची टांगू नका. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनात साउथवर्थ आणि हॉज यांच्या बॉस्टनमधल्या स्टुडिओच्या काही प्लेटा, प्रदर्शन चालू असतानाच धुरकटल्या होत्या. फोटो काढताना काळ्या कार्डाला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढा आणि उजेड बाजूने द्या, म्हणजे प्लेटमध्ये तुमचा चेहरा येण्याऐवजी काळं कार्ड येईल आणि बाई स्पष्ट दिसेल.

तर तुमची प्लेट. विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: तिरका धरून एक, मॅटची कड आणि वलय जवळून एक, आणि डबीतून पाकीट अलगद बाहेर काढून त्याच्या मागच्या बाजूचा एक. पाकीट उघडू नका असं स्पष्ट लिहा, आणि पाकीट डबीत घट्ट बसलं असेल तर तिसरा फोटो सोडून द्या. आरसा दिसला, वलय खिडकीला समांतर निघालं, चेहऱ्यावर पुसल्याचे पट्टे नसले, तर ‘अनोळखी तरुणी, गडद पोशाख’ या वर्णनाच्या प्लेटा किती किमतीला जातात ते जुन्या लिलावांच्या निकालांत बघून तेवढीच बोली लावा. आणि बाह्या कशा आहेत ते तुम्ही लिहिलंच नाहीत. घट्ट की घंटेसारख्या? तेवढं कळवा, म्हणजे दशक सांगता येईल.